पहिली दाढी

माझा थोरला भाऊ न्हावी. तापट इतका की मान हलवली म्हणून एका गिऱ्हाइकाला त्याने अर्ध्या दाढीनिशी हाकलून दिलं होतं. साठी ओलांडल्यावर त्याचाच हात थरथरू लागला. डॉक्टरीणबाईंनी कंपाची गोळी दिली आणि हात ताळ्यावर आला. तरी दुकान उघडण्याआधी रोज पहिली दाढी माझी. माझ्या गळ्यावर हात स्थिर राहिला तरच तो परक्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा. सख्खा भाऊ असतो कशाला?

मग त्याला सर्दी झाली. गिऱ्हाइकाच्या तोंडावर नाक गळणारा न्हावी कोण खपवून घेणार? कुणाला न विचारता त्याने सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि येता-जाता तोंडात टाकल्या. नाक वाळलं, तोंडही वाळलं.

"जीभ टाळूला चिकटतेय रे," साबण लावताना तो म्हणाला. मी आरशात पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद, डोळ्यांतल्या बाहुल्या टपोऱ्या, कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"हलू नकोस. गळ्यावर मुंग्या आहेत."

"दादा, साबण आहे तो."

"मला शिकवतोस?"

त्याने केस धरून माझी मान मागे खेचली आणि वस्तरा ओढला. हनुवटीखाली आग झाली. मी खुर्चीसकट कोसळलो. तो छातीवर बसून मुंग्या खरवडू लागला. माझं रक्त त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. वहिनी मागच्या खोलीतून धावत आली, तिने त्याचा दंड धरला. त्याने तिला आरशावर भिरकावलं. आरसा फुटला. हाताला लागलेला तांब्या मी त्याच्या कानशिलात हाणला. जीव खाऊन, दोनदा.

इस्पितळात खाटेला बांधल्यावरही तो हवेतल्या मुंग्या वेचत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन असतं. कंपाची गोळी त्याची वाट अडवते, त्यांनी घेतलेली सर्दीची गोळीही तीच वाट अडवते. दोन्ही मिळून घाम आटतो आणि मेंदूचा तोल जातो." त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या.

शुद्धीवर आला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. माझे टाके पाहून तो भडकलाच. "दुकान बंद दिसलं की लगेच दुसरीकडे? कोण हा कसाई? हात तोडतो त्याचा!"

वहिनीने मला डोळ्यांनी दटावलं. पण घरी गेल्यावर तो पुन्हा माझी मान मागणार होता. आणि रागही होता माझ्या मनात, खोटं कशाला बोलू?

"तूच," मी म्हणालो.

तो वहिनीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. गोळी सुटल्यामुळे त्याचा उजवा हात चादरीवर थरथरत होता. तो त्याने मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिला. मी पाणी दिलं, तर डाव्या हाताने घेतलं.