मामांचा कोरा कागद

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात, बंदूक चालवणारे आणि अजून चालवायचे राहिलेले, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते पाटणजवळच्या आपल्या गावी ऊस लावायला आले खरे, पण बोलणंचालणं फौजेतलंच राहिलं. पाहुण्याला न्हाणीघर दाखवतानाही ते 'सरळ बारा पावलं, मग उजवीकडं' असा हुकूम देत, आणि पानात भात मधोमध पडला नाही तर वाढणारीला पुन्हा नेम धरायला लावत.

दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते खळ्यावर छर्ऱ्याच्या बंदुकीची स्पर्धा भरवत. येईल त्याने पालथं पडून आपापल्या कागदावर दहा छर्रे मारायचे. म्हाताऱ्या, सुना, एका पायाचे माजी सैनिक, सगळे ओळीने पालथे. गावातला शिंपी दोन्ही पायांनी अधू. आपल्याला कुठलं जमतंय म्हणून तो पहिल्या वर्षी कुंपणाशीच थांबला, तर मामांनी त्याला उचलून आणलं आणि म्हणाले, "पालथं पडल्यावर समदी सारकीच असत्यात रं." आंधळ्या भजनीबुवांना दिशा कळावी म्हणून कागदामागे झांज वाजवायची टूमही त्यांचीच. वाजवायला कुणी पुढे होईना, तेव्हा स्वतः वाळूच्या पोत्यांआड बसून वाजवली. बुवांचा एक छर्रा थेट झांजेला लागला, त्याचे मामांनी जादा गुण दिले.

पहिला नंबर मात्र ठरलेला, मामांचा. ज्या वर्षी आपला नेम चुकेल त्या वर्षी बंदूक पेटीत आणि स्पर्धा कायमची बंद, असं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांना कधी जमलं नाही. त्यामुळे त्यांची पाळी आली की इतरच देवाचं नाव घेत.

गावात घरोघरी फोन यायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. मामांचे दहा छर्रे मारून झाल्यावर मी गुण मोजायला गेलो, तर त्यांचा कागद कोरा. शेजारच्या शिंप्याची पाळी अजून यायची होती, पण त्याच्या कागदावर दहाही भोकं काळ्या ठिपक्यात. चूक माझी होती. स्पर्धक वाढले म्हणून मी सगळे कागद एक घर डावीकडे सरकवले होते आणि मामांना सांगायचं राहून गेलं होतं. पण कागदांवर ज्याचे त्याचे वीतभर आकडे होते, आणि बाकी कुणाचीच गफलत झाली नव्हती.

मामा बंदूक फडक्यात गुंडाळायला लागले. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मामी उठल्या.

"आवं, नेम कुटं चुकलाय? कागुद चुकला," त्या म्हणाल्या. "आदी डोळं दाखवून या. बंदूक कुटं ठेवायची ते मागनं बगू."

मामांनी तो कोरा कागद अगदी डोळ्यांपाशी धरून पाहिला. मग फडकं सोडून त्यांनी बंदूक शिंप्याच्या हाती दिली आणि ती पुढच्याकडे सरकवायला सांगितलं. कागद ज्याचा, त्यावरचे गुण त्याचे, हाही नियम त्यांचाच होता. त्यामुळे शिंपी एकही छर्रा न मारता पहिला आला.

दिवाळीनंतर मी त्यांना सांगलीला घेऊन गेलो. मोतीबिंदू चांगला जुना निघाला. किती वर्षं ते नुसत्या सवयीने मारत होते, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मामांचं लक्षच नव्हतं. ते शेजारी उभ्या असलेल्या मामींकडे बघत होते.

"लय म्हातारी झालीस की गं," ते हळूच म्हणाले.

"कवाच झालीया," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी मामांची हनुवटी धरून तोंड तक्त्याकडे वळवलं.