भिजल्या घमेल्याचं वजन

मुरबाडच्या एमआयडीसीत आमचा कापड रंगवायचा कारखाना. आमचे टॉवेल युरोपात जातात. तिकडच्या खरेदीदाराने ऐन पावसाळ्यात एक तक्ता धाडला. एक किलो टॉवेल बनवताना किती कार्बन हवेत सोडता, ते आठ दिवसांत कळवा. मालकांनी तो माझ्या गळ्यात मारला. कारण काय, तर मला एक्सेल येतं. शहापूरहून रोज मोटारसायकल हाणत यायचं आणि वर हा डोक्याला ताप.

विजेचं सोपं होतं, मीटर होता. अडलं ते बॉयलरच्या कोळशापाशी. कोळशाचा ट्रक आमचा आणि मालकांच्या भावाच्या कारखान्याचा एकत्रच यायचा, त्यामुळे बिलावरून आमचा वाटा कळेना. खरी नोंद होती बॉयलरवाल्या मामांकडे. धसईपलीकडच्या वाडीवरचा हा माणूस वीसेक वर्षं त्या आगीपुढे उभा होता. भट्टीत एक घमेलं टाकलं की भिंतीवर खडूची एक रेघ, पाचवी आडवी. पाळी संपली की तेवढ्याच रेघा वहीत ओढायच्या आणि भिंत पुसून टाकायची. लिहायला येत नव्हतं, पण त्यांची एक रेघ कधी चुकली असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे मला फक्त एक घमेलं तोलायचं होतं. ढिगावरचं प्लास्टिक फाटलेलं, कोळशातून पाणी गळत होतं. मी घमेलं काट्यावर ठेवलं, तेव्हा मामा म्हणाले, "भाऊ, हा भिजलेला हाये. पावसात घमेलं जड भरतं. सुका कोळसा पण तोला, दोन्ही लिवा."

मला राग आला. आता हे मला शिकवणार! "मामा, सुका कोळसा काय मी फुंकून वाळवू? तक्ता आज जायचाय." ते भट्टीकडे वळले. मी त्या एका वजनाने वर्षभराच्या रेघा गुणल्या आणि आकडा पाठवून मोकळा झालो.

महिन्याभरात उत्तर आलं. आमचा आकडा त्यांच्या मर्यादेबाहेर होता. पुढच्या हंगामापर्यंत कोळसा बंद करा, नाहीतर माल दुसरीकडून घेऊ. मालकांनी गॅसच्या बॉयलरची ऑर्डर दिली. तो बटणावर चालतो, त्याला घमेलं टाकणारा माणूस लागत नाही. मामांना सांगितलं, होळीपर्यंतच कामाला या.

मामांचं ते भिजल्या कोळशाचं बोलणं आठवून मला चैन पडेना. माघातल्या एका दुपारी मी खडखडीत सुक्या कोळशाचं घमेलं तोललं. ते पावसातल्यापेक्षा कितीतरी हलकं भरलं. तीन-चार घमेली पुन्हा तोलली. मग वहीतल्या कोरड्या महिन्यांच्या रेघांना ते वजन लावलं आणि बेरीज केली. आम्ही मर्यादेत बसत होतो. आरामात.

तसाच मालकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि खणात सरकवला. म्हणाले, "आता आकडा बदलला तर आपण खोटारडे ठरू. गॅसचं तर ठरलंच आहे. हे बाहेर बोलायचं नाही." मी मान डोलावली. घरी दोन मुलं आहेत, फ्लॅटचा हप्ता आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की मी भित्रा आहे.

शेवटच्या दिवशी मामा कचेरीत आले. दुसऱ्या कारखान्यात दाखवायला कामाचा दाखला हवा होता. मी टाइप केला, सही-शिक्का आणून दिला.

"वाचून दाखवा ना, भाऊ."

मी वाचलं. इतकी वर्षं काम केलं. वर्तन चांगलं. यंत्र बदलल्याने सेवा समाप्त.

"म्हंजे माझ्या हातून काय चुकलं नाय, असंच लिवलंय ना? वाडीवर इचारतात. येवढी वरसं ठेवला नि आता का काढला म्हणून."

"तुमचं काही चुकलं नाही, मामा."

त्यांनी कागदाची नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "तुमी व्हते म्हणून येवढं तरी लिवून भेटलं," म्हणाले. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.