मालतीचे अकरा पुठ्ठे

मालती गेली त्याला दीड महिना होईल. परळच्या इस्पितळात शेवटच्या दुपारी मी विचारलं, "काय हवं का?" ती म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा." हेच शेवटचं. भेटायला येणारे म्हणतात, बाई किती सोशिक होती. सोशिक नव्हती ती. मी तिला काय काय सोसायला लावलं ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत. मी गिरणीत कायम कामगार, आणि उरलेला वेळ मोर्चे. मालती लग्नाआधी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेली. तिला पुन्हा बसून पास व्हायचं होतं. माहीमच्या मॉली टीचर, तिथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातल्या, दुपारी चिंचपोकळीला बायकांना शिकवायच्या. पास झालीस तर आमच्या शाळेत कारकुनाची जागा आहे, असं त्यांनी कबूल केलं होतं. मालतीचा निबंध बघून त्या म्हणाल्या, "वाक्यं चांगली हायेत गो तुझी, पण एकमेकांशी बोलतच नाय." मग त्यांनी तिला एका विचारावरून दुसऱ्यावर जायची वाक्यं दिली. ऑन द अदर हँड, म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहता. इन स्पाइट ऑफ दिस, म्हणजे असं असूनही. अ‍ॅज अ रिझल्ट, म्हणजे त्याचा परिणाम म्हणून. मी गिरणीतून आणलेल्या पुठ्ठ्यांवर तिने ती मोठ्या अक्षरात लिहिली आणि भिंतीला लावली. अकरा पुठ्ठे. भाकरी थापताना मान वर करून म्हणायची. माझी आई खाटेवरून ओरडायची, "सून माका इंग्रजीत गाळी घालता काय रे?"

पेपरच्या आदल्या दिवशी मोर्चा होता आणि फलक कमी पडले. मी भिंतीवरचे पुठ्ठे उतरवले, खळ लावली आणि दोन्ही बाजूंनी घोषणांचे कागद चिकटवले. मालती म्हणाली, "अहो, उद्या पेपर आहे माझा." दारात चार कार्यकर्ते उभे. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "मुंबई आपल्याला मिळाली की इंग्रजीला कुत्रं विचारणार नाय. आणि पुठ्ठे आणले कोणी? मी." सगळे हसले. तेवढ्यावर भागलं नाही माझं... त्यातलाच एक फलक तिच्या हातात दिला आणि तिला बायकांच्या रांगेत उभी केली. ती चालली. घोषणाही दिल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात निबंध आला, गावातलं जगणं आणि शहरातलं जगणं. तिने गाव लिहिलं, शहर लिहिलं, मधलं काही आठवेना. नापास. पुन्हा बसते म्हणाली, तर मी म्हटलं, "पुरे झाली हौस." शाळेतली जागा दुसरीला गेली.

वर्षभराने गिरणीने मला नोटीस दिली, चार दिवस न सांगता गैरहजर. उत्तर इंग्रजीत मागितलं. मी खात्यात ऐटीत सांगितलं, आमच्या घरातच इंग्रजी आहे. मालतीला म्हटलं, "लिही, आई आजारी होती, म्हणून आलो नाही." आई आजारी होती हे खरं. पण तिचं हगणंमुतणं मालती काढत होती आणि मी मोर्च्यात होतो. तिने कागद लिहिला, मी खाली सही ठोकली. गिरणीच्या साहेबाने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि मराठीत सांगितला. "माझी आई फार आजारी होती. असं असूनही मी मोर्च्याला गेलो. त्याचा परिणाम म्हणून मी कामावर आलो नाही." मग विचारलं, "सही तुमचीच ना?"

कायमची जागा गेली. बदली कामगार झालो, रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, बोलावलं तर आत. त्या दिवशी घरी येऊन विचारलं, "मुद्दाम लिहिलंस?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्यात खोटं काय आहे ते सांगा." मी तिला मारलं. आता कशाला लपवू... सूप उपडं झालं. तिने दाणा न् दाणा गोळा केला आणि म्हणाली, "भाताला वेळ लागेल."

तिच्या बाराव्याला मॉली टीचर काठी टेकत आल्या. पिशवीतून पत्रं काढली. नापास झाल्यापासून मालती त्यांना इंग्रजीत पत्रं लिहायची, सराव तुटू नये म्हणून. मला पत्ता नाही! "एकात पण लाल पेन्सिल लावावी लागली नाय," टीचर म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. आता आमची मुलगी सासरहून येऊन मला ती वाचून अर्थ सांगते. एका पत्रात होतं, 'माझ्या नवऱ्याची कायमची जागा गेली. दुसऱ्या बाजूने पाहता, ते आता घरी असतात आणि आपल्या आईला स्वतःच्या हाताने पाणी देतात.' मुलगी मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच.

एकवीस पत्रं आहेत. मुलीने सगळी चाळून पाहिली, सगळ्यांत मी आहे, आणि एकातही माझं बरं लिहिलेलं नाही. पाच वाचून झाली. मुलगी म्हणते, "बाबा, एकदाच बसून संपवू या, उगाच का छळून घेता?" मी तिला बजावलंय, आठवड्याला एकच. रविवारी ती यायच्या आधी मी दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो... आणि गप्प बसतो.