पासिंगपुरती चाकं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात चिडू नका. पण काही माणसांवर चिडलंच पाहिजे.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं आणि मी रोह्याला फौजदार होतो. त्या काळी एस.टी. चुकली की आमच्या भागात जीपचाच आधार. जुनी जीप घ्यायची, आत दाटीवाटीने माणसं बसवायची आणि रोहा-कोलाड फेऱ्या मारायच्या, हा धंदा शेतकऱ्यांच्या पोरांना बरा वाटायचा. कोलाडच्या आतल्या अंगाला भातशेती असलेल्या घरातल्या एका तरुणाने अशीच एक जीप पेणच्या दलालाकडून घेतली.

घेतली तीही डोळे झाकून नाही. शाळामास्तर असलेल्या मामाला त्याने बरोबर नेलं. मामाने जीपची मागची सगळी पासिंगं तपासली. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे की नाही, याची दरवर्षीची सरकारी तपासणी. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. शिक्के खरे, सह्या खऱ्या. वर दलाल म्हणाला, "यंदाचं पासिंग तुमच्या डोळ्यांदेखत करून देतो," आणि करून दिलंही.

त्याच आठवड्यात ती जीप सुकेळी खिंडीच्या उतारावर सुटली आणि खांब गावाच्या अलीकडे झाडावर आदळली. आत घरचीच माणसं होती, देवदर्शन करून परतत होती. बाकीच्यांना मार लागला. पुढे बसलेली त्या तरुणाची धाकटी बहीण जागीच गेली.

मी पंचनाम्याला पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. "ब्रेक दाबला सायब, पाय पार खाली गेला. गाडी थांबलीच नाय," तो म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "माझ्याच हातनं मेली ती."

हयगयीने गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा मला त्याच्यावर नोंदवावा लागला. लोकांनी लगेच तो प्यायला होता अशी आवई उठवली. वैद्यकीय तपासणीत दारूचा थेंब निघाला नाही, तरी लोकांची तोंडं बंद झाली नाहीत. मोटार वाहन निरीक्षकांनी जीपची चाकं उघडली तर ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक अडवणाऱ्या आतल्या पट्ट्या, पार संपलेले, लोखंडावर लोखंड घासून चाकामागच्या ड्रमला चरे पडलेले. थोड्या दिवसांत इतकी झीज होत नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

मी दलालाला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला ठसठशीत गंध. त्याने पासिंगचा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"पास झालेली गाडी दिलीय साहेब. पोराने तिची वाट लावली, त्याला मी काय करू?"

कागद खरा होता. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गाडी आली तेव्हा ब्रेक चोख लागले होते, साक्षीला मामाच होता. वरिष्ठ म्हणाले, ड्रायव्हरवर दोषारोपपत्र टाका आणि मोकळे व्हा. मी ते टाकलं असतं तर बहीण गमावलेला तो पोरगा तुरुंगात गेला असता, आणि जन्मभर स्वतःला तिचा खुनी समजत राहिला असता.

माझ्या हवालदाराला कोलाड नाक्यावरच्या चहाच्या टपरीत कुणकुण लागली. तिथल्या एका जीपवाल्याला तो ठाण्यात घेऊन आला.

"त्या गाडीला पेणची चाकं लावली असतील, सायब," जीपवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"पासिंगपुरती. चाकं, ड्रम, लायनर, सगळं नवं कोरं. पास झाली का काढून घेतो नि जुनं चढवतो. त्याच्या सगळ्या गाड्या त्या एकाच संचावर पास होतात."

"तुला हे ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक हाय."

सगळ्यांनाच! पोराला बेवडा ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. पण खबर देणाऱ्यावर हात उचलला तर उद्या खबर कोण देणार? मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

खबर म्हणजे पुरावा नव्हे. मी त्या घरी गेलो. मुलीची आई पडवीत बसली होती. पासिंगच्या दिवशी सगळं घरच पेणला गेलं होतं; तिथे काय काय झालं, ते मी तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. सकाळी सौदा पक्का झाला, तिथेच जीपची पूजा झाली, मग पासिंग. नंतर दलाल म्हणाला, नंबर रंगवायचाय, तोवर जेवून या, गणपतींचे कारखाने बघून या. ही मंडळी संध्याकाळी आली आणि जीप घेऊन निघाली.

"भाऊ माझा वाकून खालनं बघत व्हता," ती म्हणाली. "मीच बोलली त्याला, पूजा झालेल्या गाडीला खोट काय काढतोस?"

"पूजा कोणी केली?"

"पोरीनं. चारी चाकांना बोटं ओढली. जायला नको म्हणून कुंकू खोबऱ्याच्या तेलात कालवलं व्हतं. मधलं बोट तिचं विळ्यानं कापलेलं, चिंधी बांधलेली. म्हणून चारच उठली. हसत व्हतो आम्ही तिला."

मी ताडकन उठलो. जीप ठाण्याच्या आवारात उभी होती. तिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक जसंच्या तसं होतं. चाकांवर मात्र एकाही बोटाची रेघ नव्हती. रोज तिच्यासमोरून मी जात होतो.

पेण पोलिसांना कळवून, दोन पंच घेऊन आम्ही दलालाच्या शेडवर छापा घातला. पासिंगला न्यायची एक जीप तयार होती. तिच्या चारी चाकांच्या पत्र्यावर कुंकवाच्या रेघा होत्या. दोन रेघा, मध्ये रिकामी जागा, पुन्हा दोन.

ठाण्यात आणल्यावर दलाल म्हणाला, कुंकू काय, सगळेच लावतात. ही चाकं कुठली, आपल्याला माहीतच नाही. चापलूसीही करून पाहिली, रडूनही पाहिलं. शेवटी मी आवाज न चढवता विचारलं, "मला एकच सांग. एक फडका मारला असतास तर मी हात हलवत परत गेलो असतो. पुसलं का नाहीस?"

तो पटकन बोलून गेला, "साहेब, लोकांनी पूजेचं लावलेलं कुंकू मी कसं पुसणार? अपशकुन होतो."

म्हणजे चाकं पूजेच्या वेळी त्या जीपला होती, हे त्यानेच कबूल केलं. पण त्या क्षणी मला पुरावा सुचला नाही. मला दिसली ती त्या नीच माणसाची भक्ती. ब्रेक नसलेल्या गाडीत घरदार बसवून खिंडीत पाठवताना ह्याचा हात कापला नाही, आणि कुंकू पुसायला हा घाबरला! मी खोलीबाहेर जाऊन पाणी प्यायलो. आत राहिलो असतो तर माझी नोकरी गेली असती. परत आलो तेव्हा तो सगळं सांगायला तयार होता.

गुन्ह्यात आरोपी तो झाला, ड्रायव्हर साक्षीदार. जबाबावर सही करताना त्या पोराने मला विचारलं, "मग माझ्या हातनं नाय ना, सायब?"

"नाय," मी म्हणालो. तो तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला.

दलालाला शिक्षा झाली, पण इतकी थोडी की लिहायची लाज वाटते. वर चाकं त्याच्या मालकीची, म्हणून ती त्याला परत द्यायचा हुकूम झाला. तेव्हापासून जुनी गाडी घेणारा कोणी भेटला की मी सांगतो, मागची पासिंगं बघा, जरूर बघा, पण ताबा घेताना चाक उघडून बघा. पूजा त्यानंतर करा. देव रागावणार नाही.

चाकं न्यायला दलाल येणार होता, त्या सकाळी मुलीची आई ठाण्यात आली. हातात तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा. मी अडवलं नाही. तिने एकेक चाक पुसलं, रेघ न रेघ, पत्रा चकचकीत होईपर्यंत. हवालदार न राहवून म्हणाला, "आई, कुंकू असं पुसू नये."

"अपशकुन व्हायचा तो झाला, बाबा," ती म्हणाली. "माझ्या पोरीची बोटं त्याच्या दारात नकोत."