श्रावणातला भुंगेरा

कागलकडचा ज्ञानेश्वर ब्रिस्टलच्या इस्पितळात पेशंटांच्या खाटा ढकलायचा. गावाकडं नदीवर गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इथं मात्र ट्राउट मासा धरणाऱ्यांच्या क्लबात शिरायला तीन वर्षं वाट बघावी लागली. २००६ च्या ऑगस्टात नंबर लागला. अट एकच: स्वतः बांधलेल्या नकली किड्यावर, सेक्रेटरीसमोर, सांजंपतोर एक मासा धरायचा. न्हाईतर नाव पुन्हा यादीच्या तळाला.

त्या दिवसांत झाडांवरनं भुंगेरे ओढ्यात पडतात, आणि ट्राउट खाली टपलेलाच असतो. ज्ञानेश्वरनं गळाला मोरपिसाचे धागे गुंडाळले, वरनं जुन्या काळ्या स्लिपरच्या फोमची पट्टी दोऱ्यानं आवळली. असे चार केले. एकेक भुंगेरा असा बेस बनला की सुनेत्रानं, त्याच्या बायकोनं, झाडूच उचलला.

"अवो, श्रावणात मासा?"

"खायचा न्हाई गं. क्लबाचा नेम हाय, धरायचा आन् सोडायचा."

"मग जातासा कशाला?" म्हणत साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन तीही निघाली.

ओढ्यावर पहिल्याच फेकीला मासा वर आला, त्यानं भुंगेरा तोंडात घेतला, आणि ज्ञानेश्वरनं हिसडा दिला. गावाकडं अशा हिसड्यात मासा डोक्यावरनं मागं येऊन पडायचा. इथं नुसता भुंगेरा उडाला आणि झाडात अडकला. दुसरा गेला, तिसराबी गेला. उरला एक.

सेक्रेटरी म्हातारा वैतागला. "अरे, मासा तोंड मिटून खाली वळू दे. तीन मोज, मग काठी उचल."

ज्ञानेश्वरनं मोजलं. 'दोन'लाच हात पळाला. नशीब, भुंगेरा तेवढा परत आला.

खिचडी चावत सुनेत्रा म्हणाली, "मोजतासा कशाला? गणपती बाप्पा मोरया म्हणा. सगळं, सावकाश. मग वढा."

ऊन कलायला लागलं तेव्हा भुंगेऱ्याखाली पाणी फुगलं. भुंगेरा गडप.

"गणपती… बाप्पा… मोरया!"

काठी वाकली. सुनेत्रा उठून उभी. "सोडा, सोडा!"

"आधी धरू तर दे गं!"

"बाई काय म्हणतायत?" सेक्रेटरीनं विचारलं.

"सोडा म्हणत्या."

"शाब्बास! आमच्या मेंबरांना सांगूनबी नेम ध्यानात राहत न्हाई."

जाळीत दीड वितीचा, लाल ठिपक्यांचा मासा. ज्ञानेश्वरनं ओल्या हातानं गळ काढला, मासा पाण्यात धरला. शेपटीचा एक फटका, दोघांच्या तोंडावर पाणी, आणि गडी पसार. सेक्रेटरीनं कार्डावर ज्ञानेश्वरचं नाव लिहायला घेतलं.

सुनेत्रानं पदरानं तोंड पुसलं, कासोटा घालावा तशी साडी खोचली.

"सरा बाजूला. सोडायचाच हाय तर मलाबी एक धरू द्या."