लग्नगुलाबी

ज्याच्या हातचं खायला सारं गाव बिचकतं आणि जो स्वतः साऱ्या जगाच्या हातचं खायला बिचकतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे रंगारीभाऊ. आमचं त्यांचं नातं काहीच नव्हतं. कुरखेड्यात आमची आणि त्यांची मधली भिंत एक होती, एवढंच. पण त्या भिंतीपलीकडे लुगडी रंगवायची मोठी घंगाळं उकळत असायची आणि वाऱ्यावर वाळणारी लाल-हिरवी लुगडी आमच्या अंगणात डोकावायची, त्यामुळे मला लहानपणापासून ते आमच्याच घरातले वाटत. त्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. सोमवारी निळे, बुधवारी जांभळे, आणि लग्नसराईत तर इतके गुलाबी की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुणाशी तरी मारामारी करून आला आहे. साबण, राख, चिंच, सगळं करून झालं होतं; रंग काही जात नसे.

अशा हातांच्या माणसाला वेड कशाचं असावं? तर लहान मुलांना सकस खाऊ करून घालण्याचं. मोहाची फुलं उन्हात खडखडीत वाळवायची, मंद विस्तवावर भाजायची, तिळाबरोबर कुटायची, वरून मूठभर चारोळी घालायची आणि लाडू वळायचे. लाडू काळेकुट्ट होत, पण चव अशी की जीभ तासभर गोड राही. दुःख एवढंच की ते हात पाहून मुलं पळत. म्हणून भाऊंनी युक्ती काढली होती. पळसाचं पान हातात धरायचं, त्यात लाडवाचं पीठ घ्यायचं आणि पानासकट मूठ आवळायची. बोट पिठाला लागू द्यायचं नाही. लाडवावर पानाच्या शिरा उमटत. तरीही आयाबाया नाक मुरडत. शेजारची एक बाई, जिचा नवरा तलावात जाळं टाकी, ती तर तोंडावर म्हणायची, "मोहाचा लाडू देऊन राह्यले का भाऊ? आमच्या पोरीले दारू पिवाले शिकवता काय?" भाऊ शांतपणे म्हणत, "बाई, दारू मानूस करते. मोहानं कोनाचं काय केलं?"

ते माणसांनाही रंगाची नावं देत. मास्तर म्हणजे 'धुतलेला खाकी', पाटील म्हणजे 'उन्हात उडालेला हिरवा'. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमचं घर चळवळीतलं; तिथे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली आणि त्यांच्यावरूनच बोलायला शिकलो. अन्याय दिसला की माझे कान तापायचे. मला भाऊंनी नाव दिलं होतं 'कच्चा लाल'. "रंग मोठा झकास हाय तुहा," ते म्हणत, "पन पह्यल्या धुन्यात काय उरते ते पाहू."

त्यांच्या बंडीच्या खिशात पांढऱ्या लोकरीचा एक गुंडा कायम असे. घोंगडी विणणाऱ्याकडून ते मुद्दाम आणत. एका लग्नात पंगत बसली, पानात केशरी जिलबी आली, आणि भाऊंनी यजमानाकडे वाटीभर चिंचेचं पाणी आणि विस्तव मागितला. जिलबीचा तुकडा त्यात टाकला, लोकरीचा दोरा सोडला आणि वाटी निखाऱ्यावर ठेवली. वराकडची माणसं हात पानावर तसेच धरून बसली होती. उकळी आल्यावर भाऊंनी दोरा साबणाने धुतला. केशरी रंग तसाच राहिला. "हळदीचा असता, केशराचा असता, तं धुन्यात गेला असता," ते पंगतीला समजावू लागले. "लोकर लबाडी करत नाई. हा लुगड्याचा रंग हाय." वरबाप एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमाले पुढच्या लग्नात दुरूनच पत्रिका दाखवतो."

मी हसलो होतो तेव्हा. पण त्याच वर्षी आठवडी बाजारात माशाच्या आकाराच्या गुलाबी गोळ्या आल्या. अशा चकचकीत की ऊन पडलं की डोळे दिपत. मुलांचे ओठ, जिभा, सदरे, सगळं गुलाबी होऊ लागलं. भाऊंचे काळे लाडू पळसाच्या पानात तसेच राहू लागले. नाक मुरडणाऱ्या त्या शेजारणीची चार वर्षांची पोर तर गोळीशिवाय झोपेना. आणि एका आठवड्यात ती आजारी पडली. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. डॉक्टर म्हणाले, कशाने झालं ते मी सांगू शकत नाही. मी मात्र सांगू शकत होतो. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'बाळांच्या जिभेवर विष!' आणि भाऊंना म्हणालो, "भर बाजारात परीक्षा करू. लोकांना डोळ्यांनी पाहू द्या."

बाजारात गोळीवाल्याच्या टोपलीसमोरच चूल मांडली. गोळीवाला साधा माणूस होता. तो घाबरून पाहत राहिला. गर्दी जमली. भाऊंनी गोळी टाकली, दोरा सोडला, उकळी आणली, धुतला. दोरा गुलाबी. बायकांनी तोंडाला पदर लावला. मी भाषणाला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पाहिलं की भाऊ तो दोरा पुन्हा धुताहेत. पुन्हा. आणि पुन्हा. मग त्यांनी तो उन्हात धरला आणि खाली बसले.

"काय झालं, भाऊ?"

"हा माहा हाय," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी दोरा माझ्यापुढे धरला. उन्हात त्या गुलाबी रंगाच्या कडेला बारीकशी जांभळी झाक होती. गुलाबी पुडीत चिमूटभर जांभळा मिसळून नवरीच्या लुगड्यासाठी भाऊ एक रंग करत; त्याला 'लग्नगुलाबी' म्हणत. साऱ्या झाडीपट्टीत तो दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्याच्या पुड्या बांधून ते घरोघरच्या बायकांना विकतही असत.

गोळीवाल्याच्या जिवात जीव आला. "तुमच्याच घरची पुडी हाय ना भाऊ," तो म्हणाला. "माही बायको घेऊन गेली होती. नवरीच्या अंगाले चालते तं गोळीले काऊन नाई?"

गर्दीतून कोणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. गोळीवाल्यावर रागावलेही नाहीत.

त्या संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर आले. "पत्रकात माहं नाव लिव," म्हणाले.

"तुमचा काय दोष? तुम्ही लुगड्याचा रंग विकला."

"जगाले इचारत फिरलो, याच्यात काय हाय, त्याच्यात काय हाय. माही पुडी घेनाऱ्याले एकदा तरी इचारलं काय म्या, कायले पायजे?"

मी म्हणालो, लोक गोंधळतील. आपला माणूसच दोषी दिसला तर चळवळ बुडेल. पत्रकाला एकच शत्रू हवा. मी बरंच बोललो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "उतरून राह्यला तुहा रंग."

मी चांद्याहून पत्रकं छापून आणली. त्यात नाव गोळीवाल्याचंच होतं. वाटायच्या आदल्या दिवशी भाऊंनी गठ्ठा मागून नेला. सकाळी परत दिला तेव्हा प्रत्येक कागदावर, गोळीवाल्याच्या नावाखाली, कुंचल्याने लिहिलेलं होतं: 'रंग देनारा मी. रंगारी.' लग्नगुलाबी रंगात. अक्षरं ओली होती. माझ्या बोटांना लागली. मी ती पत्रकं तशीच वाटली. ते काम सोपं नव्हतं, एवढंच सांगतो.

शेजारची पोर बरी झाली. गोळीवाल्याने साचा तोच ठेवला, पण मासे पांढरे केले. ते बरेच दिवस कुणी घेईना. भाऊंनी पुड्या विकणं बंद केलं. हळूहळू रंगकामही सुटलं. ज्याने स्वतःचं नाव असं लिहिलं त्याच्याकडे नवरीचं लुगडं कोण टाकणार? घंगाळं पालथी पडली. भिंतीवरून आमच्या अंगणात डोकावणारं काही उरलं नाही.

पुढे मी गाव सोडलं. दोन-तीन वर्षांनी परत गेलो तेव्हा भाऊ अंगणात बसले होते. हात स्वच्छ. मी ते तसे कधी पाहिलेच नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे साधे, सुरकुतलेले हात. फक्त एका नखाच्या टोकाला गुलाबी रेघ राहिली होती. शेजारची ती पोर समोर उकिडवी बसून लाडवाची वाट पाहत होती. आता तिला त्या हातांची भीती वाटायचं कारण नव्हतं. तरीही भाऊंनी उठून पळसाचं पान तोडलं, पुसलं, हातात धरलं, आणि मगच पिठाला हात घातला.

"आता कायले पान पायजे, आबा?" पोरीने विचारलं.

भाऊंनी नखावरच्या त्या रेघेकडे पाहिलं, मूठ आवळली, पान उलगडलं आणि लाडू तिच्यापुढे धरला. त्यावर पानाच्या शिरा उमटल्या होत्या. "तू खाय," ते म्हणाले.