बायकोच्या नावाची मिस्सा

सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या त्या माणसाला सगळे गादीवाले म्हणत. काम करताना त्यांच्या ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असायच्या. एकेक काढायची आणि हातोडीनं लाकडात ठोकायची. समोर शिलाई मशीनवर बायको. ती कॅथलिक, हे प्रोटेस्टंट, आणि लग्न झाल्यापासून दोघांचा एकच वाद: माणसाचं तारण होतं कशानं?

"नुसत्या विश्वासानं," गादीवाले म्हणत. "प्रभूनं वधस्तंभावर सगळं पुरं केलंय. त्यात आपण काय भर घालणार? चांगलं वागायचं ते तरलो म्हणून. तरावं म्हणून नव्हे."

"कृपा पहिली, हे आम्हीही म्हणतो," ती मशीन न थांबवता बोले. "पण कृपा झाली म्हणून हातावर हात ठेवून बसायचं? ज्यातून प्रेमाची कामं होत नाहीत, तो विश्वास कसला? आणि देवासमोर उभं राहायचं तर मेल्यावरही आत्मा धुऊन निघायला हवा. म्हणून तर आम्ही चर्चमध्ये फादरांना गेलेल्यांच्या नावाची मिस्सा सांगतो, त्या उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना करतो."

यावर ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. "आधी तोंडातल्या चुका काढा," ती म्हणायची, "मग माझ्या!" आलेलं गिऱ्हाईकही खो खो हसायचं.

मग तिला दुखण्यानं धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी उशांना टेकून बसली असताना ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर दर महिन्याला माझ्या नावाची मिस्सा सांगाल? आणि स्वतः जाऊन बसाल?"

टिकणार नाही ते कापड टिकेल असं गिऱ्हाइकालाही न सांगणारा हा माणूस. बायकोला काय सांगणार?

"अगं, माझा त्यावर विश्वास नाही."

"ठाऊक आहे. विश्वास ठेवा कुठं म्हणतेय? जाल का, एवढंच विचारतेय."

"जाईन."

ती गेली. दफन झाल्यावर ते फादरांकडे गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "फादर, मी खोटं बोलणार नाही. माझी बायको प्रभूजवळ पोचली, असं मी मानतो. तिच्यासाठी आता काही मागायचं राहिलंय, असं मला वाटत नाही. पण दर महिन्याच्या मिस्सेचा तिला शब्द दिलाय."

फादरांनी त्यांना खुर्ची दिली. "तिनं विश्वासानं मागितलं, तुम्ही प्रेमानं आलात," ते म्हणाले. "पुढचं देव बघेल."

गादीवाले दर महिन्याला मागच्या बाकावर बसू लागले. लोक ख्रिस्तप्रसादाला पुढं जात तेव्हा हे, कॅथलिक नसल्यानं, जागेवरच असत.

थोरल्या बहिणीच्या कानावर हे गेलं आणि तिचा पारा चढला. तरातरा दुकानातच आली. "आईबापानं हेच शिकवलं का रे? प्रभूचं काम अपुरं राहिलं, असं वाटतं तुला?"

"नाही वाटत, आक्का."

"मग तिथं बसून करतोस तरी काय?"

"ते तिच्यासाठी मागत असतात, तेव्हा मी तिच्यासाठी देवाचे आभार मानत असतो. एकाच वेळी दोन्ही होतं."

आक्का दाराकडं वळली. "येडा आहेस," म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

पुढं त्यांचा गुडघा धरला. जिना उतरवेना, पण मिस्सा चुकवायची नाही म्हणून भिंत धरून निघाले. दाराशी आक्का उभी होती. तिनं मुकाट्यानं त्यांचा दंड धरला, बरोबर आली, हाताची घडी घालून शेजारी बसली. वेदीवरून भावजयीचं नाव घेतलं गेलं तशी तिची घडी सुटली. परत येताना ती एवढंच म्हणाली, "नाव कसं नीट घेतलं रे त्यांनी."

एकदा माहेरी आलेल्या मुलीनं जेवताना विचारलं, "बाबा, इतक्या वर्षांत तुमचं मत बदललं का हो?"

"छे गं. तारण फुकटच मिळतं. पण समजा, तुझी आई बरोबर निघाली, तर देवाच्या दारात तिला माझ्यामुळं खोळंबायला नको."

"आणि तुम्ही बरोबर निघालात तर?"

गादीवाले घास घेता घेता थांबले. "तर ती तिथंसुद्धा कबूल करायची नाही," म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.